वल्हं सोडायचं नाही

वरूडकडच्या नदीकाठच्या गावांत सहदेवला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि त्याला पाहून कोणाला आनंद झाला असंही कधी घडायचं नाही. आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? विहिरीत, नदीत, धरणात कोणी बुडालं की पहिला फोन सहदेवला. मंडीत संत्र्याच्या पेट्या भरता भरता हा उठायचा, हात धुवायचा आणि निघायचा. श्वास कोंडून तळाशी जायचा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, म्हणून दोन्ही हातांनी चाचपत राहायचा आणि माणूस घेऊनच वर यायचा. माणूस कसला, मातीच ती. इतक्या वर्षांत एकही जिवंत त्याच्या हाती लागला नव्हता, कारण बोलावणंच मुळी सगळं आटोपल्यावर यायचं.

एकदा तो कोणाचा तरी पत्ता विचारायला एका दारात उभा राहिला. त्याचं तोंड पाहताच आतल्या बाईने हंबरडा फोडला. तिचा पोरगा नदीवर गेलेला होता. पोरगा संध्याकाळी धडधाकट घरी आला, पण सहदेवच्या मनाला ते लागलं ते लागलंच. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको दुर्गाबाई मोजकं बोलणारी. ताट बाजूला सारत ती एवढंच म्हणाली, "एक तरी जितं आना वो तुमी."

हे वाक्य त्याच्या उरात रुतून बसलं. म्हणून बचाव पथकाने कयाक चालवायला पोहणारी माणसं मागितली, तेव्हा सगळ्यात आधी हा जाऊन उभा राहिला. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. पाय आत लांब करून बसायचं, कमरेभोवती रबरी कापड ताणून आत पाणी शिरू द्यायचं नाही, आणि दोन्ही टोकांना पान असलेलं वल्हं मारायचं. पुराच्या पाण्यात झाडाझुडपांत जिथे मोटरबोट अडकते, तिथे ही शिरते. मंडीतले लोक हसले. बुढ्याला आता होडीचा शौक आला म्हणाले. हसोत बापडे.

शिकवणारी प्रतीक्षा अमरावतीची, वयाने त्याच्या लेकीएवढी. आधी धरणाच्या संथ पाण्यात, मग पावसाळ्यात सेमाडोहजवळ सिपना नदीच्या खळाळात. होडी एका अंगाला कलली की त्या बाजूला वल्ह्याचं पान पाण्यावर थापटायचं, कमरेला झटका द्यायचा, आणि तोल सावरायचा. हे सहदेवला लवकर जमलं. पण होडी पुरतीच उलटली, तर आत बसल्या बसल्या, डोकं खाली असताना, वल्हं पाण्यात फिरवून कमरेच्या जोरावर सरळ व्हायचं असतं. डोकं सगळ्यात शेवटी वर. तिथे मात्र गाडं अडलं.

बाकीचे उलटे झाले की घाबरून बाहेर निसटायचे. सहदेवला भीती नव्हती, आणि तिथेच तर घोळ होता! पाण्याखाली गेला की तो निवांत व्हायचा, आणि त्याचे दोन्ही हात वल्हं सोडून तळ चाचपायला लागायचे. वल्हं जायचं वाहत. प्रतीक्षा ते पकडून आणायची, पुन्हा तेच. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

"काका, हात काहून सोडता वो?" तिने शेवटी विचारलं.

"मी नाई सोडत, बाई. थे आपल्या मनानं जातात."

त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, खाली शोधायला दुसरा कोणी येईल. जो अजून वर आहे, त्याच्यासाठी तुम्ही आहात. त्यानंतर संथ पाण्यात तो दर वेळी सरळ व्हायला लागला. खळाळत्या पाण्यात मात्र हात कधी ऐकायचे, कधी नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदी एका दिवसात काठ सोडून शेतात शिरली. काठावरची पाणी ओढायची मोटर काढायला गेलेला गोपाल पाण्यात अडकला आणि बाभळीवर चढून बसला. फुलांची शेती करणारा तरणाताठा माणूस, घरी लहान लेकरू. मोटरबोट झाडांच्या फांद्यांत शिरेना. प्रतीक्षाने सहदेवकडे पाहिलं. त्याने वल्हं उचललं.

लाटा बाजूने आदळत होत्या. दोनदा होडी कलली, दोनदा त्याने पान थापटून सावरली. बाभळीशी पोचला, तर वरून गोपाल त्याला पाहून पांढराफटक पडला.

"तू काहून आला? मी मेलो नाई अजून!"

"मालूम हाये," सहदेव म्हणाला. "म्हनूनच आलो."

त्याने लाइफ जॅकेट वर फेकलं, अंगात घालून पट्टे आवळायला लावले, आणि मागच्या टोकाची दोरी धरून खाली यायला सांगितलं. गोपाल उतरला, पण पाण्याचा लोंढा बसताच दोरी सोडून त्याने सहदेवचा खांदाच कवटाळला. होडी उलटली.

खाली अंधार. खांद्यावरची पकड सुटली. आणि हात निघाले! डावा तर वल्ह्यावरून सुटलाच. जन्मभराची सवय सांगत होती, माणूस गेला, खाली शोध. त्या एका क्षणात सहदेवला उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली, की आपण यालाही मेलेलाच धरून चाललो आहोत. गोपालच्या अंगात जॅकेट होतं. तो खाली नव्हता, वर होता. सहदेवने डावा हात ओढून वल्ह्यावर आणला, पान फिरवलं, कमरेला झटका दिला आणि डोकं शेवटपर्यंत पाण्यातच ठेवलं.

वर आला तेव्हा गोपाल हाताच्या अंतरावर ओकत, खोकत तरंगत होता. सहदेवने होडीचं टोक त्याच्याकडे वळवलं. या वेळी त्याने दोरी धरली. झाडांतून बाहेर आल्यावर मोटरबोटीने दोघांना ओढून काठावर आणलं.

काठावर गोपाल चिखलात उताणा पडला. सहदेवने कोणाच्या तरी खांद्यावरचा दुपट्टा घेतला, दरवेळी घ्यायचा तसा, गुडघे टेकले आणि त्याच्या तोंडावर पांघरला.

दुपट्टा हलला. श्वासाने वरखाली होऊ लागला. आतून गोपालचा चिडका आवाज आला, "हे काय करून राहिला बे? थंडी वाजते मले."

सहदेवने दुपट्टा काढला. तो गोपालच्या खांद्यांभोवती गुंडाळला, आणि एवढ्या लोकांसमोर तो हमसून हमसून रडला.