दवाखान्यातलं माहेर

त्या काळी मी जळगावात डॉक्टर होते आणि आठवड्यातून एकदा आगगाडीने दोंडाईच्याच्या पलीकडे एका लहानशा दवाखान्यात जायची. अडलेल्या बाया तिथली नर्सबाई माझ्यासाठी राखून ठेवायची. जणू खानदेशातल्या बायका माझ्या गाडीची वेळ बघूनच बाळंत होणार होत्या! त्या दिवशी मी उतरले तीच दमलेली. कंबर दुखत होती, डोळ्यांत कोळशाचे कण गेले होते, आणि कुणी आपल्याशी बोलू नये एवढंच वाटत होतं.

टेबलावर एक पहिलटकरीण होती. जेमतेम सोळा-सतराची. पहिल्या बाळंतपणाला पोरीने माहेरी जायचं, पण कापूस वेचायला हात कमी पडत होते म्हणून सासरच्यांनी हिला शेवटपर्यंत ठेवून घेतलं. मग बैलगाडीत घालून माहेरी निघाले, तर वाटेतच कळा सुरू झाल्या. आदल्या दुपारपासून ती अडली होती. बाळाचे ठोके ऐकू येईनात. चिमटा लावून बाळ काढलं नाही तर आईही जाणार, हे उघड होतं.

सासू ओसरीत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं.

"पयलं बाळतपन माहेरनं ऱ्हास, बाई," ती म्हणाली. "चिमटा लावना का नही, ते तिना भाऊ सांगी. मायबाप नही शेतस तिले. आमी हो म्हनूत आनि पोर मरी गयी, ते भाऊले काय तोंड दखाडूत?"

भाऊ सातपुड्याच्या पायथ्याला. माणूस धाडला होता. निरोप मिळून भाऊ दुसऱ्या दिवशी उगवणार. माझं डोकंच फिरलं. "तोवर सून राहील का तुमची?" मी ओरडले. बाई दुष्ट नव्हती. पण दुसऱ्याची लेक आपल्या शब्दाने दगावली हा ठपका तिला नको होता. पोरीचा नवरा निंबाखाली उभा राहून आईच्या तोंडाकडे बघत होता. वाद घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले, "मग मीच तिचं माहेर! मी सांगते, चिमटा लावायचा."

सासूने माझ्या कपाळावरचं कुंकू नीट पाहिलं. "मंग पयले ओटी भरा तिनी," ती म्हणाली.

मी नुसतं बोलले होते. तिने ते खरं धरलं. नर्सबाईने धावत जाऊन घरातून गहू आणले, पानाच्या डब्यातली सुपारी आणली. खणाच्या जागी तिने जखमा बांधायच्या पट्ट्यांचं नवं कापड पुढे केलं, तर सासू म्हणे पांढरं चालणार नाही. शेवटी मी पिशवीतलं माझं जादा हिरवं लुगडं काढलं आणि कळांनी तळमळणाऱ्या त्या पोरीची टेबलावरच ओटी भरली. सासूने आपल्या हाताने दार ओढून घेतलं. "आते तुमनी आंडेर शे. काय करनं ते करा." आंडेर म्हणजे लेक.

मुलगा होता. मेलेला. पोर मात्र वाचली. क्लोरोफॉर्मची गुंगी उतरायच्या आत सासरच्यांनी बाळ फडक्यात गुंडाळून नाल्याकाठी पुरलंही.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी निरोप आला, की भाऊ लाकूडतोडीला गुजरातेत गेलाय, घराला कुलूप आहे. सासूने बैल जुंपायला सांगितले. सुनेला गाडीत घेईना. मी विचारलं, तर माझ्याच भोळेपणाचं नवल करत म्हणाली, "माहेर तुमनं शे ना? सव्वा महिना व्हयना का लेवाले येसूत."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पोर नर्सबाईच्या खोलीत राहिली. मी दर खेपेला कुरकुरत डिंकाचे लाडू न्यायची. दूध आटावं म्हणून नर्सबाई तिची छाती घट्ट बांधायची आणि स्वतःच डोळे पुसायची. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. अंगण झाडायची, बाटल्या धुवायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "रडून घे ग जरा." तर म्हणाली, "आठे कसं रडनं? बठ्ठा आजारी शेतस." इथे सगळेच आजारी, त्यात हिने कसं रडायचं!

सव्वा महिन्याने बैलगाडी आली. सासूने माझ्यासाठी बाजरी आणली होती. पोर माझ्या पाया पडली, उठली, आणि एकाएकी माझ्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. इतकी, की रोगी उठून दारात आले. हुंदक्यांमधून माझ्या कानाशी ती म्हणाली, "मी बाळनं तोंड बी नही दखं वं, माय."

दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नाही. सासू गाडीजवळून समाधानाने म्हणाली, "रडू द्या तिले, बाई. माहेर सुटनं का पोर रडसच."

मी हो म्हटलं, आणि ती दमेपर्यंत तिला रडू दिलं.