बूच लावलेलं पिंप

चैत्र अमावस्या, दुष्काळाचं दुसरं वर्ष. हजर: मी, धाकटी जाऊ, सासूबाई. गैरहजर: घरातले पुरुष. ते जनावरं घेऊन तलवाड्याकडच्या चारा छावणीत होते.

दूध सोसायटीनं टँकरचं पाणी साठवायला सभासदांना गोडेतेलाची रिकामी पत्र्याची पिंपं वाटली होती. आमच्या वस्तीवर तीन आली: एक आम्हाला, एक ओढ्यापलीकडच्या घराला, एक वरच्या बांधावरच्या घराला. सगळीकडून बंद, वर फक्त बुचाचं भोक. उघड्या हौदातलं पाणी उन्हानं उडून जायचं, म्हणून असलं पिंप सगळ्यांनाच हवं होतं. अडचण आत चिकटलेल्या तेलाची. गार पाण्यानं ते हलेना आणि भोकातून हात जाईना. सोसायटीतून रीत सांगितली होती: तांब्याभर पाणी आत घाला, पिंप दगडांवर ठेवून खाली जाळ करा, तेल पातळ झालं की ओतून द्या.

जाळाला बसली जाऊ. मी सरपणाला कापसाच्या पऱ्हाट्या आणायला घरामागं गेले. आले तर भोकातून वाफ दिसेना.

"वाफ कुठं गेली गं?"

"आतच हाय. बूच लावलंय, पान्यानं आवळून."

"कावून?"

"वाफ म्हंजी पाणीच की, ताई. वाया कावून घालवायची? गार झाली की परत पाणी हुईल."

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "शिकून घे. थोरलीपेक्षा धाकटीला संसार कळतो."

जाऊ खोटं बोलत नव्हती. पाणी, वाफ, पुन्हा पाणी. पदार्थ तोच, हे मीही शाळेत शिकले होते. पण वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, हेही त्याच धड्यात होतं. पिंपात ती जागा नव्हती. वरचा सपाट पत्रा पुरीसारखा फुगला होता. आतून टक्, टक् असा आवाज येत होता.

"ऊठ तिथून."

"थांबा, बूच ढिलं करते." तिनं पाना उचलला.

बूच सुटलं असतं तर तापलेलं तेल आणि वाफ थेट तिच्या तोंडावर आली असती. मी पुढं धावले. मग दंडाला धरून तिला ओढलं. ती पडली, पाना लांब उडाला.

"खुळ्या झाल्या का तुमी?"

"पिंपाकडं बघ."

तिनं पाहिलं. सासूबाईंना घेऊन ती गोठ्याच्या भिंतीआड गेली. जाळ तर काढायलाच हवा होता. काडीकचरा ओढायच्या दाताळ्याचा दांडा लांब, तरी त्या दिवशी मला तो वीतभर वाटला. भुईवर पालथी पडून, चेहरा दंडात खुपसून, मी एकेक पेटती पऱ्हाटी ओढली. दर ओढीला वाटायचं, आता फुटणार. शेवटचा निखारा बाहेर आला. रांगतच भिंतीपर्यंत गेले.

तिघी तिथंच बसून राहिलो. टकटक थांबली. फुगवटा उतरला. जाऊ म्हणाली, "झालं बघा," आणि तेवढ्यात धाडकन आवाज झाला. सासूबाईंनी माझा पदर धरला. आम्ही डोकावलो. पिंप फुटलं नव्हतं. ते आत चेपलं होतं, कुणी मुठीत धरून आवळावं तसं. बूच लावायच्या आधीच वाफेनं आतली हवा हाकलली होती; आता वाफेचं पाणी झालं, आतली जागा रिकामी पडली आणि बाहेरच्या हवेनं पत्रा दाबला.

"एवढं जाड पत्र्याचं..." जाऊ म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मला वेगळीच भीती शिरली. आणखी दोन पिंपं होती, आणि पाणी वाचवायची अक्कल काही आमच्या एकाच घरात नव्हती. ओढ्यापलीकडं मी पळतच गेले. त्यांनी अजून जाळ केला नव्हता; त्यांना बुचाचं सांगितलं. तिथून बांधावरच्या घरी गेले. कुलूप. नवरा-बायको पोरांसकट, पिंप टेम्पोत टाकून, सकाळीच कामाच्या शोधात गेली होती. कुठं, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पुढं वडवणीच्या बाजारात विचारलं, नारायणगडाच्या जत्रेत विचारलं. ते घर परत उघडलं नाही.

जाळ करायच्या आधी बूच काढा, एवढंच त्या बाईला सांगायचं होतं. ते अजून सांगून झालेलं नाही.