भिंतीवरचं फॉस्फेट

केदारखेड्याच्या शाळेत अप्पाराव सरांनी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. आयनांचे प्रभार पाठ करायचे ते पुस्तकातून नव्हे, वर्गातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून, हा त्यांचा हट्ट. "पुस्तकात छापणारा चुकतो, माझी भिंत चुकत न्हाई," असं ते दर वर्षी पोरांना ऐकवत. माणूस भला, पण या एका बाबतीत भारी तोरा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतः शिडीवर चढून तक्ता नव्यानं रंगवला. मग नववीची चौतीस पोरं रोज सकाळी एका सुरात सगळी यादी म्हणू लागली आणि सर खिडकीपाशी मान डोलवत ऐकू लागले.

जानेवारीत भोकरदनला तालुक्याची प्रश्नमंजूषा होती. वर्गातली हुशार मोनाली आता जिल्ह्याला जाणार, हे सरांनी गावभर सांगून ठेवलेलं. शेवटचा प्रश्न आला, फॉस्फेटचा प्रभार किती? सर खुर्चीत सैलावले. मोनाली न अडखळता म्हणाली, "उणे दोन."

एका गुणानं दुसरी शाळा पुढं गेली.

"येवढं सोपं कसं चुकली गं?" परतताना त्यांनी जीपमध्येच विचारलं.

"भिंतीवर दोनच हाये, सर."

सर गावात उतरले ते मोनालीला घेऊन थेट शाळेत. सल्फेटला दोन, कार्बोनेटला दोन आणि त्याच ओघात खाली फॉस्फेटलाही दोन. अक्षर त्यांचंच, वळणदार. अडीच महिने आपण नुसता सूर ऐकला, आकडे ऐकलेच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"पुस्तकात तर तीन असंल ना?" त्यांनी विचारलं.

"व्हतं." मोनालीनं दप्तरातून पुस्तक काढलं. छापलेला तीन निळ्या पेनानं खोडून वर नीट दोन लिहिला होता. "माझ्या शेजारच्या शालूला शंका आल्ती. मी म्हनलं, छापणारा चुकला. मंग साऱ्यांनीच दुरुस्त करून घेतलं."

सरांनी पुस्तक हातात घेतलं. चौतीस पुस्तकं. आणि आपल्याला विचारावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

सरांनी कोपऱ्यातला रंगाचा डबा उघडून ब्रश तिच्या हातात दिला. "कर तीन."

मोनाली जागची हलली नाही. "भिंत दोन म्हनती, तुम्ही तीन म्हनून राह्यले. बराबर कोनतं, हे मला कसं कळावं, सर?"

सरांनी खडू उचलला. फॉस्फरस, अधिक पाच. ऑक्सिजन चार, प्रत्येकी उणे दोन. "कर हिशोब."

तिनं बोटांवर मोजलं. चार दुणे आठ, म्हणजे उणे आठ. त्यात अधिक पाच. "उणे तीन," ती म्हणाली आणि पुन्हा मोजून पाहिलं. तीनच आलं. मग ती शिडीवर चढली, दोनाचा तीन केला आणि वरूनच तिनं विचारलं, "हे येवढं सोपं व्हतं, तर मंग आधी का न्हाई शिकवलं, सर?"