पत्र्याचा रणगाडा

वरंधच्या शाळेत शिकवायला जाताना मी एका अंगणाशी थांबायचो. लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे पडवीत पत्र्याचा रणगाडा बनवत होते, आत एक माणूस बसेल एवढा मोठा. बोलणं कमीच. काहीही विचारलं, की आधी पत्र्यावर बोटाने टकटक करायचे आणि मग म्हणायचे, "होतंय, होतंय."

नोकरीत ते रणगाडा चालवत. एका सरावात त्याला आग लागली. ते बाहेर पडले, पण सोबती आतच राहिला, कारण वरचं झाकण अडकलं होतं. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. "तवापासून त्यांना धड झोप नाय, गुरुजी," ती म्हणाली.

परवा रणगाडा पुरा झाला. "गुरुजी, आत बसा जरा," ते म्हणाले. मी अंग चोरून बसलो. त्यांनी वरून झाकण लावलं. अंधारात मला फक्त त्यांची धाप ऐकू येत होती. मग झाकण उघडलं आणि त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला बाहेर ओढलं. मी उभा राहिलो तरी ते सोडेनात. एरवी मला अहो-जाहो करणारे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आलास रे बाहेर, आलास."

मी नुसतं "आलो" म्हटलं.