हनुवटीवरचा मार्कर

मार्करचं टोक माझ्या हनुवटीवर टेकलेलं होतं आणि सगळे हसत होते.

आयर्लंडमधल्या गॉलवेतली आमची मेडिकल डिव्हाइसची कंपनी. टीम-बिल्डिंगचा दिवस. ट्रेनरने भिंतीवर न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या 'हाका' नाचाचा व्हिडिओ लावला. मांड्यांवर थापा, वटारलेले डोळे, बाहेर काढलेल्या जिभा, आरोळ्या. आता आम्ही तो करायचा. आधी प्रत्येकाच्या तोंडावर काळ्या रेघा. रेघा ओढायचं काम निखिलकडे. निखिल माझा टीम लीड, पुण्याचा.

माझी हनुवटी धरून तो मराठीत म्हणाला, "तुला खरं तर मार्करची गरजच नाही. तुमच्यात रंग रेडीमेडच येतो."

आयरिश पोरांनी विचारलं, काय म्हणाला?

"मी म्हटलं, यू लुक ग्रँड."

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ओळखते. माझी आई नागपूरहून आली होती, तेव्हा तिच्या हनुवटीवरचं गोंदण बघून ह्यानेच विचारलं होतं, "तुमच्यात अजून असतं का हे?" माझ्या घरात बसून. माझ्या हातचा चहा पिताना. आई उठून आत गेली. तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मागे आरोहा उभी होती. ती क्वालिटी विभागात आहे. माओरी आहे. तिच्या हनुवटीवर खरा मोको आहे, कातडीत गोंदलेला, तिच्या कुळाची खूण. इंग्रजांच्या राज्यात तो जवळपास पुसला गेला. तिच्या पणजीच्या तोंडावर होता, आईच्या नव्हता. आरोहाने परत आणला. कँटीनमध्ये तिनेच मला सांगितलं होतं.

ट्रेनर तिला म्हणाला, "ये ना पुढे. जीभ काढून दाखव आम्हाला."

ती जागची हलली नाही. "जीभ आमच्याकडे पुरुष काढतात. आणि हाका आम्ही मयतालाही करतो. आज इथे कोण मेलंय?"

"जस्ट अ बिट ऑफ क्रॅक," ट्रेनर पुटपुटला. क्रॅक म्हणजे इकडच्या भाषेत गंमत.

आरोहा बाहेर निघून गेली. दार आपटलं नाही तिने. सावकाश लावलं.

मी निखिलचा हात झटकला. तो मराठीत जे बोलला होता ते इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. 'तुमच्यात' म्हणजे कुणात, तेही सांगितलं. जात काय असते ते सांगितलं.

निखिल पार्किंगमध्ये मागोमाग आला. "मस्करी होती गं. आपल्यातलं आपल्यात ठेवावं. ह्या लोकांसमोर कशाला?"

"आत्ता मी आपल्यातली झाले?"

तो गाडीत बसला.

आता एचआरने बोलावलंय. मला आणि आरोहाला. आम्ही टीमचं वातावरण बिघडवलं म्हणे. निखिलला बोलावलेलं नाही. ट्रेनरलाही नाही.

आम्ही दोघी जाणार आहोत. माफी मागायला नाही. ते वाक्य मी तिथे पुन्हा म्हणणार, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि ते म्हणणाऱ्याचं नावही घेणार. नोकरी गेली तर जाऊ दे. माझ्या तोंडाला हात लावायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही.