निषिद्ध बाक

झावेल काचा बसवायचा. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याच्या हातच्या. पण रोज कामाला जाण्याआधी तो अभ्यासगृहात नोखेमशेजारी बाकावर बसून तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ वाचायचा. नोखेम पोरांना अक्षरं शिकवायचा. ही जोडी वीस वर्षांची.

ब्रिस्क गावच्या पंडितांकडून आलेली वादाची नवी रीत दोघांनाही भारी आवडायची. निवाडा समोर आला की आधी विचारायचं, हे बंधन माणसावर आहे की वस्तूवर? मग एकाने एक बाजू धरायची, दुसऱ्याने दुसरी. झावेलला याचा नादच लागला. सूप गार झालं तरी तो विचारी, दोष सुपाचा की उशिरा येणाऱ्याचा? "खाणाऱ्याचा," बायको ब्रायना म्हणे.

एका सकाळी वाद चिघळला. नोखेम म्हणाला, "तुझं डोकं तुझ्या काचेसारखं. आरपार दिसतं, मध्ये काही नाही!" आजूबाजूचे हसले. झावेलने ग्रंथ मिटला, रिवाजाप्रमाणे त्याचं चुंबन घेतलं आणि ओरडला, "हा बाक मला निषिद्ध! वेदीवरच्या बळीसारखा निषिद्ध!"

बोलून गेला, पण धर्मशास्त्रात असं बोललेलं म्हणजे नवस, आणि नवस बांधून घालतो.

दुसऱ्या दिवसापासून तो शेगडीजवळ उभ्यानेच एकटा वाचू लागला. एक बाजू मांडायचा आणि थांबायचा. दुसरी बाजू कोण मांडणार?

"रब्बींकडे जा. धर्मगुरू आहेत, नवसातून सोडवतील," ब्रायना म्हणाली.

"त्यांच्यासमोर पश्चात्ताप झाला म्हणावं लागतं."

"मग म्हणा."

"झालेला नाही."

"मग शेगडीजवळ मासा वाळवल्यासारखे उभे का राहता?"

त्या आठवड्यातच एका सकाळी नोखेम घामाघूम होऊन अभ्यासगृहात शिरला. पाठीवर स्वतःच्या स्वयंपाकघरातला बाक. तो त्याने शेगडीजवळ आदळला.

"तू काय म्हणालास? 'मी बसणार नाही' अशी शपथ घेतलीस का? ती माणसाला बांधते. तू म्हणालास, 'हा बाक निषिद्ध.' म्हणजे बंधन वस्तूवर. घे, वस्तू बदलली."

झावेलच्या तोंडाला पाणी सुटलं. मुद्दा सुरेख होता. पण त्यात एक भोकही होतं, आणि ते बघून न बघितल्यासारखं करणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"थांब. नवसाचा अर्थ लोकांच्या रोजच्या बोलीवरून लावतात," तो म्हणाला. "रागावलेला माणूस 'हा बाक' म्हणतो, तेव्हा त्याला लाकूड नको असतं की शेजारी बसणारा?"

नोखेमचा चेहरा उतरला. "म्हणजे तू मलाच निषिद्ध केलंस?"

झावेल दाढी ओढत उभा राहिला. शेजारी नको, ही बाजू तो खुशाल लढवू शकला असता. आधारही सापडले असते. पण मग ऐकणार कोण?

"सरक जरा," तो म्हणाला आणि बसला. "निषिद्ध फक्त लाकूड, ही बाजू माझी. शेजाऱ्याची बाजू तू धर, आणि नीट धर, नाहीतर मजा नाही."