कारध्याचा ठोकळ्यांचा डोंगा

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि प्लास्टिकचे ठोकळे जास्त होते. हो, तेच ठोकळे. एकावर एक दाबून घरं-बिरं करायची ती खेळणी. मी पन्नाशी ओलांडलेली, धंद्यानं दातांची डॉक्टर, आणि गेली कित्येक वर्षं हे ठोकळे जमवते, त्यांचे आराखडे काढते, बांधते, मोडते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "नातवंडांसाठी नेताय वाटतं?" म्हटलं, नातवंडं नाहीत मला, माझ्यासाठीच आहेत. त्यानंतर ते गृहस्थ पार मनमाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. बसू देत.

मी निघाले होते भंडारा जिल्ह्यात, कारध्याला. तिथला मंगेश हा आमच्याच खुळाचा माणूस. चाळिशीला टेकलेला, वरठीच्या पोलाद कारखान्यात नोकरीला, घर ढिवरांचं (मासेमारी करणाऱ्यांचं). मोबाइलवरच्या आमच्या ठोकळेवाल्यांच्या गटात ओळख झाली. त्यानं वैनगंगेवरच्या डोंग्याचा (मासेमारीच्या लाकडी होडीचा) आराखडा केला होता. हातभर लांब, वल्हं, जाळं, जाळ्यातली मासोळी, सगळं ठोकळ्यांचं. त्यातल्या फळ्यांना लागणारे चपटे तपकिरी ठोकळे आपल्याकडे काही केल्या मिळेनात. मी ते परदेशात कुणाकुणाच्या विनवण्या करून मागवले आणि जमतील तसे त्याला पाठवत राहिले.

आता नागपुरात स्पर्धा होती. पहिला येईल तो आराखडा एक खेळणीवाले खोक्यात घालून देशभर विकणार, आणि खोक्यावर आराखडा करणाऱ्याचं नाव छापणार. मंगेशला ते छापलेलं नाव हवं होतं. बोलताना लाजायचा, पण फार हवं होतं. अट एकच, आणि आमच्यात ती मोडणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. गोंद नाही, रंग नाही, काहीही चिकटवायचं नाही. तपासनीस तुमच्या डोळ्यांदेखत मॉडेल उकलून बघतो. ठोकळ्यानं ठोकळ्याला नुसतं दाबून धरलेलं असलं पाहिजे.

स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीला. दिवेलागणीला उतरले. कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती, सायकली आणि मोटारसायकलींचा लोंढा फाटकाकडे चालला होता. त्यातून हात हलवत मंगेश आला.

"या जी, डॉक्टर ताई! बॅग द्या इकडं."

"बॅगेला हात लावू नका," मी जरा जोरातच म्हणाले. त्यात त्याच्या डोंग्याभोवती मांडायला आणलेली माझी ठोकळ्यांची झाडं होती.

मोटारसायकलवर मी मागे, बॅग मांडीवर. दोन्ही बाजूंना कापून रचलेल्या धानाचे पुंजणे (पेंढ्यांचे ढीग) अंधारात बुटक्या घरांसारखे दिसत होते. खड्डा आला की बॅगेतून खुळखुळ आवाज यायचा आणि मी ती आणखी घट्ट धरायची. मंगेश मागे न बघता बोलत होता. "कारखान्यात सगळे हासतात, ताई. म्हणतात, लेकराईचं खेळनं खेळून राहिला. बा मात्र एक शब्द नाही बोलत. त्याईले वाटते, पोरगा डोंगा बनवून राहिला, बस."

घरी त्याची बायको सुषमा आणि वडील बुधाजी. म्हातारा सडसडीत, कमी बोलणारा, अजून रोज नदीवर जाणारा. सुषमानं लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते, भात आणि मासोळीचा रस्सा, वर भरपूर सांबार (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी आपली वाटीत सांबार शोधत बसले). रस्सा असा झणझणीत की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि बुधाजी पहिल्यांदा हसले.

जेवणानंतर मंगेशनं टेबलावरचं लुगडं बाजूला केलं. अगं बाई! फोटोत बघितलं होतं मी, पण समोर बघणं वेगळं. फळ्यांचा बाक असा धरला होता त्यानं की वाटावं लाकूडच वाकवलंय. तळाला काळपट तपकिरी, वर उन्हानं विटलेला तपकिरी. मला हेवा वाटला, उगाच कशाला लपवू?

बुधाजी उकिडवे बसले आणि अंगठा तळावरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "फटी हायेत."

"असायच्याच, बाबा," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "ठोकळ्यांचं काम असंच असतं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नागपुरात प्रवेशिका द्यायची होती. सकाळी मंगेश मला नदीवर घेऊन गेला. मॉडेलच्या मागे लावायला खऱ्या डोंग्यांचे फोटो हवे होते. बुधाजींना म्हटलं चला, तर म्हणाले, "तुमी जा. मले काम हाय." कारध्याचा जुना पूल नदीला टेकल्यासारखा बुटका, नवा पूल वरून गाड्यांच्या गर्दीनं धडधडणारा. खाली पाणी संथ होतं, दोन डोंगे काठाला उलटे टाकले होते. त्यांच्या सांध्यांवर काळ्या रेघा दिसल्या. मी त्यांचे छान जवळून फोटो काढले. फोटो काढले, डोक्यात काही शिरलं नाही.

परत आलो तर दारातच वास. रस्त्याचं काम चालू असताना येतो तो.

टेबलावर डोंगा होता. टोकाला हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ. आणि आतून तळापासून काठापर्यंत प्रत्येक सांध्यावर डांबर. नुसतं डांबर नाही, आधी कापूस भरलेला आणि वरून डांबर. शेजारी पत्र्याच्या डब्यात काडी, काडीला चिंधी, आणि बुधाजी धुतलेलं धोतर नेसून उभे.

"बा," मंगेश दारातच थबकला. "हे काय केलं?"

"कोरा डोंगा उघड्या फटीनं कोनी पान्यात उतरवते का, बाप्पा?" म्हाताऱ्याचा चेहरा फुललेला. "डांबर थंड करून मंग फिरवलं, पिलास्टिक हाय म्हून. आता पाह्य, थेंब नाही शिरत."

"अहो बाबा, कपाळ माझं!" मी ओरडले. "वाट लावलीत सगळ्याची! चिकटवायचं नसतं हो त्याला काही!"

मंगेश उंबऱ्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. "सत्यानाश केला, बा," एवढंच म्हणाला, अगदी हळू. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बुधाजींनी काडी डब्यात ठेवली. माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, खुंटीवरचं जाळं खांद्यावर टाकलं आणि नदीकडे निघून गेले. नागपुरात डोंगा टेबलावर ठेवतात, पाण्यात सोडत नाहीत, हे त्यांना आमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही.

सुषमाचे डोळे भरले होते. "त्याईचा रिवाज हाय, ताई. नवा डोंगा उतराच्या आधी घरच्या मोठ्या मानसानं फटी भराच्या. दुसऱ्याचा हात नाही लागू देत. हे नोकरीले लागले तवापासून घरात नवा डोंगा झालाच नाही. सकाळपासून उपाशी होते बाबा."

हे ऐकून मला माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली. पण रडायला वेळ नव्हता. दुपारच्या आत डोंगा उकलून, साफ करून, पुन्हा बांधून नागपूर गाठायचं होतं.

सुषमा नखपॉलिश पुसायची बाटली घेऊन धावत आली. "नको!" मी अशी किंचाळले की बाटली तिच्या हातून पडली. त्यानं ठोकळाच विरघळतो. मंगेश गाडीतलं पेट्रोल काढायला निघाला, त्यालाही थांबवलं. शेवटी जवसाचं तेल. कोमट करून, कापसाच्या बोळ्यानं, हळूहळू. डांबर तेलाला सैल होतं. मी सांधे कोरायला बसले. दातांवरचं किटण काढावं तसं एकेक. मंगेश उकललेले ठोकळे रांगेत लावत होता, सुषमा साबणाच्या पाण्यात धुऊन पुसत होती. एक फळी ओढताना कट् असा आवाज झाला आणि तिघांचेही हात थांबले. ठोकळ्याचा कोपरा उडाला होता. मंगेशनं ती बाजू आत फिरवून बसवली.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. सुषमानं वाढलेलं ताट तसंच झाकलेलं राहिलं. सगळं सुटलं, तळाचे दोन चपटे ठोकळे सोडून. त्यांच्यामध्ये डांबर पार बटणांपर्यंत (ठोकळ्यांवरच्या उंचवट्यांपर्यंत) गेलेलं. मी नखं मोडली, पातं घातलं, तेल ओतलं. ढिम्म हलले नाहीत.

"त्याईच्याविना तळच नाही धरत, ताई," मंगेश म्हणाला. त्या मापाचे दुसरे माझ्याकडे नव्हते, कुणाकडेच नव्हते.

"तसेच लाव," मी म्हणाले. "तळातलं कोण बघतंय?"

शेजाऱ्यांची गाडी मिळाली. डोंगा माझ्या मांडीवर, खाली उशी, दोन्ही हातांनी धरलेला. नव्या पुलावर गाडी हळू झाली. खाली नदीच्या मधोमध बुधाजी एकटेच आपल्या डोंग्यात बसले होते. जाळं पाण्यात नव्हतं, तसंच गुंडाळून समोर ठेवलेलं. मंगेशनं बघितलं, मग समोर बघितलं, आणि नागपूर येईपर्यंत चालकाला तीनदा सांगितलं, "भाऊ, जरा दामटा."

सभागृहाचं दार ओढून घेत होते तेव्हा आम्ही आत शिरलो. तपासनीस चष्मेवाला तरुण पोरगा होता. डोंगा बघून त्याच्या तोंडून "वा!" निघालं. माझा जीव थोडा भांड्यात पडला. त्यानं वल्हं काढलं, जाळं काढलं, फळ्या एकेक करून उकलल्या. सगळं मऊ सुटत होतं. मग त्यानं तळ हातात घेतला. ते दोन ठोकळे ओढले. पुन्हा ओढले. पट्टी घालून बघितलं. नाकाशी नेलं.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडणार, काहीतरी थाप मारणारच होते. मंगेश आधी बोलला. "डांबर हाय जी."

"मग स्पर्धेत घेता येणार नाही. मांडायला हरकत नाही, पण स्पर्धेबाहेर."

माझा ताबा सुटला. म्हटलं, अहो, गोंद नाही तो, ठोंब्यांनो, एका म्हाताऱ्यानं उपाशी राहून भरलेल्या फटी आहेत! दोन ठोकळ्यांसाठी एवढं काम बाहेर काढता? लोक गोळा झाले. पोरगा बिचारा कावराबावरा झाला, पण हटेना. "मॅडम, चिकटलंय ते चिकटलंय."

मंगेशनं माझा दंड धरला. "राहू द्या, ताई. नियम त्याईचा एकट्याचा नाही. आपलाच हाय." आणि त्यानं शांतपणे एकेक फळी पुन्हा बसवून डोंगा कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. मी त्याच्या पाठीकडे बघत रडले. अगदी हुंदके देऊन, लाज सोडून.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी नागपूरहून होती. मंगेश स्टेशनवर पोहोचवायला आला. रात्री नातेवाइकांकडे राहिला होता, डोळे सुजलेले. घरी फोन केला नव्हता.

"खरं सांगितलं तं बा मरतपर्यंत डोंग्याले हात नाही लावनार," तो म्हणाला. "नाही सांगितलं तं काय सांगू?"

मी पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं वळले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बुधाजींना ऐकू कमी येतं म्हणून ते फोनवर ओरडतात, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"उतरवला का पान्यात?"

मंगेशनं माझ्याकडे बघितलं.

"उतरवला, बा."

"मंग? शिरलं पानी?"

"नाही, बा. एक थेंब नाही."

"लोकं होते पाहाले?"

"बहुत होते."

मग म्हातारा म्हणाला, "मंग ये घरी. झिंगे आनले हायेत, सुषमा रांधून राहिली." फोन बंद. मंगेशनं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि माझी बॅग उचलून डब्यात चढवली. या वेळी मी त्याला अडवलं नाही.

घरी येऊन आता चार दिवस झाले. मी इतकी वर्षं ठोकळे दाबत आले, पण घरात माझ्यासाठी कुणी उपाशी राहून त्यांच्या फटी भरल्या नाहीत. मला मंगेशचा पुन्हा हेवा वाटतो, आणि हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

वाचकहो, कारधा बघायला अवश्य जा. पूल बघा, मासोळीचा रस्सा खा, डोळ्यांत पाणी येऊ द्या. आणि काठावर डोंग्याला डांबर फिरवणारा एक सडसडीत म्हातारा भेटला, आणि त्यानं नागपूरची गोष्ट काढलीच, तर तुम्हीही त्या गर्दीत होतात असं सांगा. डोंगा पाण्यात उतरला होता, एक थेंब आत आला नव्हता, आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्हाला माझी शपथ आहे.